डावीकडची बासरी

“फुंकू नकोस गं ठमे, दिवा विझवायचाय का तुला? हाक मार. पलीकडच्या काठावर आपलं माणूस उभं आहे असं समज, आणि हळूच हाक मार.”

बाबांचा हा आवाज तिच्या कानात लहानपणापासून घर करून बसला होता. बाबा तसबिरींना चौकटी बसवून देत. दुकान एवढंसं, आणि मधोमध काच कापायचं लांब टेबल. टेबलाच्या त्या बाजूला बाबा, ह्या बाजूला उंच स्टुलावर ती. गिऱ्हाईक नसलं की बाबा हातावरचा भुसा झटकत, बासरी ओठांना लावत, आणि ती आपली छोटी बासरी उचलून त्यांच्याकडे टक लावून बसे. त्यांची बोटं उठली की तिची उठत, त्यांची मिटली की तिची मिटत. भिंतीवरच्या चौकटींच्या काचांतूनही दोघं हलत. दुकानभर नुसत्या बापलेकीच बापलेकी.

मोठी झाली आणि विद्यापीठात संगीताला प्रवेश मिळाला. तिथे आठवड्यातून एकदा एकेकट्याचा तास असे. खोलीत एक शिकवणारं, एक शिकणारं, आणि दार बंद. पहिल्याच तासाला तिने बासरी उचलली, तशा मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

“अगं, ही डावीकडे काय धरलीस? बहुतेक सगळे उजवीकडे धरतात. कोणी शिकवलं तुला असं?”

म्हणाल्या त्या हसतच. पण त्या हसण्यासमोर तिला ते दुकान दिसलं, तो भुसा, ते डुगडुगतं स्टूल. तोंडून निघून गेलं, “कोणी नाही मॅडम. माझी मीच शिकले.”

“तरीच! शिकवणारं कोणी असतं तर पहिल्या दिवशीच हात धरून बाजू बदलली असती.”

खोलीवर आल्यावर ती बासरी घेऊन आरशापुढे उभी राहिली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा उजवीकडेच धरत. पण ते समोर बसलेले. त्यांची बासरी तिला स्वतःच्या डाव्या अंगाला दिसे. दिसलं तसं तिने उचललं होतं. मग बाबांना हे कधीच दिसलं नाही? की दिसलं आणि ते गप्प बसले? आणि आपण “कोणी नाही” म्हटलं ते बाबांना हसू नये म्हणून, की आपल्याला हसू नये म्हणून? एक दोरा सोडवायला जावं तर दुसरी गाठ पडत होती.

मॅडम वाईट नव्हत्या. पुढच्या तासाला त्यांनी नीट समजावलं. “डावीकडे वाजवणारे असतात, नाही असं नाही. कोणी मन लावून शिकवलेलं असेल तर मी त्याला हात लावत नाही. पण तुझी ही आपोआप लागलेली सवय. ती मोडायची. सत्राच्या परीक्षेला उजवीकडेच वाजवायचं. ओळीत बसलीस तर शेजारणीचा डोळा फोडशील ना बाई!”

ती उजवीकडे धरू लागली आणि सूर रुसला. बोटं परक्या गावात उतरल्यासारखी दारं चुकत. वारा नुसता नळीवरून सरकून जाई. बरं, परत डावीकडे घ्यावी तर तिथेही अडखळल्यासारखं होई. माहेरही गेलं आणि सासरही नाही. हळूहळू तिचं सगळंच उलटसुलट झालं. कुलपात किल्ली भलतीकडे फिरवी. कुर्त्याची बटणं वरखाली लावी. एकदा तर ‘ओढा’ असं लिहिलेलं ग्रंथालयाचं दार ढकलत राहिली, शेवटी आतून कोणीतरी तिची कीव येऊन उघडलं.

फोनवर बाबा विचारत, “काय म्हणतात तुझ्या मॅडम?”

“छान म्हणतात.”

“माझं नाव सांग हो. दुकानाची तेवढीच जाहिरात!”

“सांगितलंय ना,” ती म्हणे, आणि घाईघाईने आईला फोन द्यायला सांगे.

परीक्षा तोंडावर आली असताना बाबा न सांगता थेट विद्यापीठातच आले. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस. “आज दुकान बंद. म्हटलं बघून यावं, आपली ठमी कशी शिकते ते.” ती काही बोलायच्या आत मॅडमनी तासाच्या खोलीचं दार उघडलं, कोण म्हणून विचारलं, आणि आग्रहाने त्यांना आत घेतलं. खुर्ची ओढून दिली ती नेमकी तिच्या समोर.

“मुलीचं कौतुक करावं तेवढं थोडं,” मॅडम म्हणाल्या. “शिकवणारं कोणी नसताना एकटी इथवर आली. एवढी एक बाजू चुकली. घरात कोणी जाणतं असतं, तर पोरीचे हे हाल झाले नसते.”

तिने मान खाली घातली. आता बाबा बोलणार. आता ते हसून म्हणणार, अहो, जाणता म्हणजे मीच की!

बाबा पँटवरचा भुशाचा कण बोटाने टिपत होते. “हो ना,” ते म्हणाले. “पोरं आपली आपणच शिकतात. आम्हाला काय कळतं त्यातलं?”

“चल, वाजव,” मॅडम म्हणाल्या.

तिने बासरी उजवीकडे धरली. वारा आला, सूर नाही. पुन्हा धरली. पुन्हा तेच. तिने वर पाहिलं. बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, आणि ओठ जरासे मिटलेले, काठापलीकडे कोणीतरी उभं असावं तसे.

बासरी कधी डावीकडे गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. हाक निघाली. स्वच्छ, लांबवर जाणारी. तिचं बोट उठलं तसं बाबांचं गुडघ्यावर उठलं. तिचं मिटलं तसं त्यांचं मिटलं. मॅडमनी एकदा तिच्या हातांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “हे काय चाललंय?”

बाबांनी झटकन हात खिशात घातले. “काही नाही, सवय आपली,” ते पुटपुटले आणि उठू लागले. “येतो मी. तुमचा खोळंबा नको.”

“बसा ना, बाबा,” ती म्हणाली. बासरी तिने मांडीवर ठेवली आणि मॅडमकडे वळली. “मी खोटं बोलले होते, मॅडम. मला यांनी शिकवलं. समोर बसून.”