निवडक घरांची वही

डोंगरातलं लाकडी घर 'निवडक घरं' या भाड्याने घरं देणाऱ्या कंपनीने आपल्या यादीत घेतलं तर ठेवायचं, नाही तर विकायचं, असं दोघी बहिणींचं ठरलं होतं. खरं तर धाकट्या ओसहिल्डला एवढंच हवं होतं की घर उन्हाळ्यात भाड्याने जावं आणि छपराचा खर्च निघावा. कुठल्याही साइटवर टाक, म्हणाली होती ती. पण थोरल्या तुर्गुनबाईंना 'कुठल्याही' हा शब्दच सोसला नाही.

"तिथे कुणीही उठतो आणि काहीही टाकतो," त्या फणकारल्या. "शेजारच्या शेल-आर्नेने ट्रॅक्टरची शेड टाकलीय. डोंगराच्या कुशीतलं घरटं म्हणे! आपल्या बाबांचं घर त्या बाजारात? आपलं निवडकमध्येच जाईल. नाही घेतलं तर खुशाल वीक."

बोलून गेल्या. ओसहिल्डने ते बरोबर लक्षात ठेवलं.

कंपनीकडून तपासणीला आलेली विल्डे नावाची मुलगी तिशीची होती आणि कपाटं अशी उघडत होती जणू आत चोर बसलाय. चादरी पाहिल्या, उशा दाबल्या, कप मोजले. बाहेरच्या संडासात, डोंगरातल्या जुन्या रिवाजाप्रमाणे, भिंतीवर राजघराण्याचे फोटो लावलेले पाहून तर ती हरखलीच. "अगदी अस्सल!" म्हणाली आणि टॅबवर काहीतरी टिपलं. तुर्गुनबाईंची मान ताठ झाली. त्यांनी वाफल भाजायला घेतले आणि वर घालायला तपकिरी चीजचे जरा जाडच काप काढले.

"आता एकच," दुसरा वाफल खाता खाता विल्डे म्हणाली. "घराची काही गोष्ट आहे का? आमच्या पाहुण्यांना गोष्ट लागते."

तुर्गुनबाईंनी मोठ्या अभिमानाने घराची वही पुढे केली. डोंगरातल्या प्रत्येक घरात अशी वही असते, आणि तिच्यात जे घडलं तेच लिहायचं असतं. बाबांनी ती पन्नास वर्षं लिहिली होती. त्यांनी नेमकं काय लिहिलंय, याचा विचार बाईंना सुचलाही नव्हता.

विल्डे मोठ्याने वाचू लागली. "१९७४. पिठात उंदीर. दोन मारले, तिसरा हुशार निघाला. १९८१. वरच्या पलंगावर छप्पर गळतं. १९९६. सासूबाई आल्या. हवा वाईट, त्या त्याहून. १९९९. गळती कायमची बंद केली. २०००. गळती चालू."

"बाबा फार नेमाचे होते," तुर्गुनबाई क्षीणपणे म्हणाल्या.

"फॉर्मवर प्रश्न आहे. घरात उंदीर?"

"अगं, ते १९७४चे उंदीर! केव्हाच वारले ते!"

"आणि त्यांची नातवंडं?"

खोटं बोलायचं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण वही समोर उघडी होती. "असतील एखाद-दोन," त्या म्हणाल्या.

विल्डेने सुस्कारा सोडला आणि बॅगेतून कापडी बांधणीची एक नवी कोरी वही काढली. पण ती कोरी नव्हती. पहिल्या चार पानांवर सुबक अक्षरांत आनंदी आठवणी छापलेल्या होत्या. आजोबा, शेकोटी, पहिला बर्फ. उंदीर एकही नाही.

"कंपनीच देते. ही टेबलावर ठेवा, ती माळ्यावर टाका. गळती तेवढी दुरुस्त करून घ्या. मी आत्ता होकार देते."

तुर्गुनबाईंनी ती वही चाळली. यातला आजोबा कोण? सगळ्यांवर खूश असणारा हा गुळमुळीत म्हातारा त्यांच्या घरात कधीच नव्हता. त्यांना बाबांची आठवण येऊन रडूच फुटायला लागलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"नकार दे," त्या म्हणाल्या.

"बाई, विचार करा—"

"दे म्हणते ना!"

विल्डेने नकार दाबला, टॅब मिटला आणि ओझं उतरल्यासारखी खुर्चीत मागे रेलली. तिसरा वाफल उचलत म्हणाली, "हे घर त्या दुसऱ्या साइटवर टाकणार आहात का? आम्ही चौघं आहोत. जुलैचा पहिला आठवडा."

"तू? तुझ्या निवडकमध्ये का नाही जात?"

"एक तर परवडत नाही. आणि सगळ्या घरांत तीच वही असते हो."

तुर्गुनबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग खुर्ची तिच्याशेजारी ओढून बसल्या. "दाखव कसं टाकतात ते."

सात मिनिटांत झालं. कुणी उशी दाबली नाही, कप मोजले नाहीत. साइटने एवढंच विचारलं, किती माणसं झोपतील. विल्डेने तिथल्या तिथे आपला आठवडा धरून टाकला.

ती गेल्यावर तुर्गुनबाईंनी बहिणीला फोन लावला. "ओसहिल्ड, निवडकवाल्यांनी घर घेतलं नाही."

"मग विकायचं. तूच म्हणाली होतीस."

"त्या बाजारात भाड्याने टाकलंय. जुलैचा एक आठवडा भरलासुद्धा. विकू नकोस. मी बोलले ते चुकलं माझं."

साठ वर्षांत हे वाक्य ओसहिल्डने ऐकलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

आणि तुर्गुनबाईंनी ते पुन्हा म्हटलं.