खाल्लेलं उशिरा चढतं

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मुकादमबाईंचा शब्द म्हणजे कायदा. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी चादरी आपणहून घडी घालून घेतात, असं बायका त्यांच्या माघारी म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून एक उशीची खोळ इकडची तिकडे झाली नव्हती. अशी माणसं स्वतःला जरा जास्तच स्वच्छ समजतात. त्यात साबणाचा धंदा, मग विचारायलाच नको.

बाईंच्या बोटांना संधिवाताने धरलं त्याला दोन वर्षं झाली होती. सकाळी कपड्यांची बटणं लावायला पंधरा मिनिटं लागायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बोटं राहिली बाजूला, पोटच बिघडलं. शेवटी भाचीने एक छोटी बाटली आणून दिली. गांजाच्या फुलांपासून काढलेलं तेल, चिठ्ठीवर रीतसर दुकानात मिळणारं, लेबल लावलेलं. दुपारच्या सुट्टीत जिभेखाली चार थेंब ठेवायचे आणि गप्प बसायचं. गुण आला. पण ‘गांजा’ हा शब्द बाईंनी तोंडातून कधी काढला नाही. त्या त्याला ‘माझं औषध’ म्हणत. कामावर असलं काही घेऊन येणं नियमात बसत नव्हतं, म्हणून ते औषध चष्म्याच्या डबीत राहायचं.

तिथेच एक पैलवान होता. मुळात नाव पडलं होतं काडीपैलवान, कारण अंगावर मांस औषधालाही नाही. पुढे काडी गळून पडली आणि पैलवान तेवढा राहिला. ओल्या चादरींची गाठोडी यंत्रातून उपसून गाडीत टाकायची, हे त्याचं काम. एकेक गाठोडं त्याच्याएवढं भरायचं. पाठ कधीच कामातून गेली होती. काम सुटलं की तो मागच्या भिंतीशी बसायचा, एक सिगारेट वळायचा आणि ओढायचा. त्या सिगारेटीत तंबाखू नसायची, हे अख्ख्या खात्याला माहीत होतं.

‘‘गंजेडी मेला,’’ बाई सगळ्यांच्या देखत म्हणायच्या. ‘‘त्याच्या कोटाजवळ धुतलेले कपडे ठेवू नका गं, पुन्हा धुवावे लागतील.’’

बायका हसायच्या. पैलवानही हसायचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय बाईंना अगदी नैसर्गिक वाटायचा. तो ओढतो, मी थेंब घेते. त्याचा धूर, माझी मात्रा. त्याला घाण वास, माझ्या बाटलीला पुदिन्याचा. फरक कुणालाही दिसावा!

त्या महिन्यात थेंब संपले. दुकानात नव्हते, म्हणून भाचीने त्याच औषधाची बिस्किटं आणली.

‘‘आत्या, नीट ऐक,’’ ती म्हणाली. ‘‘ओढलेलं पाच मिनिटांत कळतं. थेंबांना अर्धा-पाऊण तास लागतो. पण खाल्लेलं पोटात जाऊन, पचून मग चढतं. दीड तास, कधी दोन. आणि चढलं की लवकर उतरत नाही. म्हणून अर्धंच खायचं, तेसुद्धा घरी. काही होत नाही म्हणून दुसरं खायचं नाही.’’

बाईंनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. बिस्किटासारखं बिस्किट, त्यात ते काय ऐकायचं? उलट तिन्हींमध्ये हेच सगळ्यात सौम्य असणार, असा त्यांनी परस्पर निकाल लावला. ओढणं वाईट, थेंब बरे आणि खाणं तर सभ्यपणाची कमाल.

दुसऱ्या दिवशी बोटं सकाळपासून ठणकत होती. बाईंनी अकरा वाजता चहाबरोबर एक बिस्किट खाल्लं. साडेअकरा वाजले तरी बोटं जशीच्या तशी. ‘नुसती मैद्याची फसवणूक,’ असं म्हणून त्यांनी दुसरंही खाल्लं.

एक वाजायच्या सुमाराला मोठ्या इस्त्रीयंत्रात चादर अडकली. या यंत्राला माणसाच्या उंचीचे गरम रोलर. एकीकडून दोघी ओली चादर आत सोडतात, पलीकडून दोघी वाळलेली ओढून घेतात. चादर गुंडाळली गेली की लाल बटण दाबायचं, किल्ली काढून मुकादमाने खिशात ठेवायची आणि एकाने हात घालून चादर सोडवायची. तो बाहेर येऊन समोर उभा राहिल्याशिवाय किल्ली लावायची नाही. हा नियम बाईंनीच प्रत्येकीकडून घोकून घेतला होता.

किल्ली बाईंच्या खिशात होती. पैलवान आत वाकला होता. बाकीच्या बायका डबे खायला गेल्या होत्या. बाईंना आधी एवढंच जाणवलं, की बोटं दुखत नाहीत. मग खिडकीतून येणारं ऊन चादरींच्या ढिगावर पडलेलं दिसलं आणि ते इतकं सुरेख वाटलं, की त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. मध्ये किती वेळ गेला? त्यांना वाटलं, अर्धा तास तरी. पैलवान कधीच जाऊन जेवून आला असेल आणि आपण मात्र यंत्र बंद ठेवून उभ्या! त्यांनी लगबगीने किल्ली लावली आणि हिरवं बटण दाबलं.

मध्ये एक मिनिटसुद्धा गेलं नव्हतं.

पैलवानाच्या ओरडण्याने त्या भानावर आल्या आणि लाल बटण त्यांनीच दाबलं. हात वाचला, पण तळवा आणि चार बोटं भाजून निघाली. बायका धावत आल्या. हॉस्पिटल वरच्याच मजल्यावर, म्हणून उपचार लगेच झाले.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी विचारलं, ‘‘बाई, असं झालंच कसं?’’

बाईंचं डोकं अजून पुरतं ताळ्यावर नव्हतं, पण भीती मात्र स्वच्छ जागी होती. त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, त्याच्या कोटाला वास येत होता.’’

बस, एवढंच. वास खरोखरच येत होता, तो रोजच यायचा. बाईंनी खोटा शब्द उच्चारला नाही, आणि तिथेच सगळी मेख होती. पुढचं साहेबांनी स्वतःच जुळवलं. नशेत असणार, बाहेर न येताच ‘चालू करा’ म्हणाला असणार. पैलवानाला घरी बसवलं आणि सोमवारी कामावरून काढल्याचं पत्र न्यायला बोलावलं.

पुढचे चार दिवस बाईंना अन्न गोड लागेना. त्या स्वतःची समजूत घालायच्या, ‘तो ओढतोच ना? आज ना उद्या जाणारच होता.’ मग डोळ्यांसमोर ती बोटं यायची. त्याची बायको दुसऱ्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला जायची, दोन मुली शाळेत होत्या. मुकादमबाईंना स्वतःच्याच हातांची लाज वाटू लागली. बोटांची कळ सहन होईनाशी झाली तरी उरलेल्या बिस्किटांना त्यांनी हात लावला नाही. दुखू दे, तीच माझी लायकी, असं म्हणत त्या चादरी मोजत राहिल्या.

सोमवारी सकाळी त्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि दार लावून घेतलं. बिस्किटं, किल्ली, ऊन, सगळं सांगून टाकलं. सांगताना मान वर झाली नाही. आता आपलीही नोकरी गेली, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

साहेब वयाने त्यांच्या मुलासारखे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग खुर्चीतून उठून त्यांनी बाईंना पाण्याचा पेला दिला.

‘‘बाई, तुम्ही कुठे नशा केलीत? तुम्ही औषध घेतलंत. चिठ्ठी आहे, लेबल आहे. जरा जास्त झालं, एवढंच. माझी आई पण तेच थेंब घेते.’’

‘‘पण साहेब, पैलवान...’’

‘‘त्याची गोष्ट वेगळी. तो ओढतो. आज नाही तर उद्या त्याने कुणाचा तरी हात घालवलाच असता. पत्र तयार आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि हे बाहेर बोलू नका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.’’

तो ओढतो! बाईंचं स्वतःचं वाक्य साहेबांच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं होतं. आणि खरी शरम पुढेच होती. ते ऐकून बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. सुटले, असं वाटलं. त्या पाणी पूर्ण प्यायल्या, ‘‘येते साहेब,’’ म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

बाहेर बाकावर पैलवान बसला होता. हाताला कोपरापर्यंत पट्टी, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्या शर्टाची बटणं दुसऱ्या कुणीतरी लावून दिली असणार. बाईंना बघून तो उठला.

‘‘तुम्ही माझ्यासाठी बोलायला गेला होता ना, बाई? राहू द्या. त्यांचं ठरलंय. उगाच तुमच्यावर यायचं.’’

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘‘माझ्यावर काय यायचं?’’ त्या कशाबशा म्हणाल्या.

पैलवानाने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘मी पाहिलं होतं तुम्हाला. आत वाकल्या वाकल्या मान वळवली, तर तुम्ही उन्हाकडे बघून हसत होता. इतक्या वर्षांत तुम्हाला कामावर हसलेलं मी पाहिलं नाही. डोळे पण लाल होते. काय घेतलं होतं? थेंबांनी असं होत नाही.’’

‘‘थेंबांचं तुला कसं कळलं?’’

‘‘अहो, पुदिन्याच्या आड लपतो होय तो वास? मला कळणार नाही तर कुणाला?’’

‘‘बिस्किटं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दोन.’’

‘‘दोन!’’ पैलवानाने कपाळावर चांगला हात मारला. ‘‘बाई, खाल्लेलं उशिरा चढतं. अर्धं खायचं आणि दिवसभर गप पडायचं. म्हणून तर मी ओढतो. किती झालं ते तिथल्या तिथे कळतं, नको झालं की विझवता येतं. आणि तेही काम सुटल्यावर. छातीची वाट लागते, ते कबूल. पण दिवसा मी कधी हात लावला नाही. हाताखाली यंत्र असतं ना.’’ मग त्याने बाईंच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. ‘‘फार दुखतात का अजून?’’

‘‘तू सांगितलं का नाहीस कुणाला?’’

‘‘माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला असता तर तुमचं काय राहिलं असतं?’’

केबिनमध्ये बोललेलं केबिनमध्येच जिरलं होतं, आणि ते जिरेल हे ओळखूनच आपण जाताना दार लावून घेतलं होतं, हे आता बाईंना कळलं. त्यांनी पैलवानाचा चांगला हात धरला.

‘‘चल आत.’’

‘‘कुठे?’’

त्याला घेऊन त्या इस्त्रीच्या दालनात शिरल्या. यंत्र घरघरत होतं, बावीस बायका कामात होत्या. बाईंनी लाल बटण दाबलं. शांतता झाली तशा सगळ्या माना वळल्या. केबिनच्या काचेतून साहेबांनीही पाहिलं आणि ते दारात येऊन उभे राहिले.

‘‘त्या दिवशी यंत्र मी चालू केलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हा आत असताना. मी गांजा खाल्ला होता. बिस्किटातून. याने काही घेतलं नव्हतं.’’

मग घड्या घालणाऱ्या म्हातारीने पदराने डोळे टिपले. ‘‘बघा गं, कसं मन आहे! गरिबाला वाचवायला सगळं स्वतःच्या अंगावर घेतायत बाई.’’

‘‘खरंच, देवमाणूस,’’ दुसरी म्हणाली. साहेबांनी घाईघाईने मान डोलवली, ‘‘हो ना, बाईंचा स्वभावच तसा आहे.’’ कुणीतरी टाळी वाजवली. तिच्यामागून आणखी दोघी-तिघींनी वाजवली.

बाईंचे कान तापले. इतकी लाज त्यांना केबिनमध्येही वाटली नव्हती. टाळ्या थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली, या वेळी मोठ्याने.