डब्यावर काय लिहिलं होतं

मित्रांनो, दात झिजलेली, शिंगांना वळ्या पडलेली मी एक म्हातारी म्हैस आहे. माझं नाव चांदी. चांदा जिल्ह्यातल्या एका धानाच्या गावात, नानाजींच्या गोठ्यात माझा जन्म झाला.

नानाजींचा मुलगा दसरू पैलवान होता. माझं दुसरं वेत झालं त्या पावसाळ्यात हिवतापानं त्याला महिनाभर अंथरुणावर पाडलं. उठला तेव्हा नुसती हाडं उरली होती, आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत त्याची कुस्ती ठरलेली होती.

बाजारात एका फेरीवाल्यानं त्याला ताकदीच्या पावडरीचा डबा दाखवला. "दुधात काय हाये? पानीच त!" तो म्हणाला. दसरूला ते पटलं. घरी येऊन त्यानं हट्टच धरला, "बा, म्हैस इकू. मले डबे पायजे." आजारातून उठलेल्या पोराला नाही म्हणणं नानाजींना जमलं नाही.

पुढच्या बाजारी मला नेलं. गिऱ्हाईक माझे दात पाहू लागलं. घरी माझं पारडू बांधलेलं होतं. माझा पाय पुढे पडेना.

दसरूची बहीण वच्छला सोबत होती. साक्षरता वर्गात ती नुकतीच वाचायला शिकली होती. तिनं फेरीवाल्याचा डबा उचलला आणि अक्षरांवर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं, "दोन चमचे... पेलाभर... दुधात... घालून प्यावे."

मग ती भावाकडे वळली. "भाऊ, म्हैस इकून दूध कुठून आणशीन गा?"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. दसरूही ओशाळून हसला. त्यानं गिऱ्हाइकाच्या हातातून माझा कासरा सोडवून घेतला.

त्या दिवसापासून तोच मला चारायला नेई, तळ्यात धुई. दोन वेळा माझं तापवलेलं दूध, भिजवलेले चणे आणि आखाड्यातला घाम, एवढंच त्याचं औषध. दिवाळीपर्यंत त्याचे खांदे पुन्हा भरून आले.

मंडईत समोरचा गडी त्याच्या दीडपट होता. दसरूनं त्याला उचललाच आणि उताणा आपटला! ढोलांचा आवाज गोठ्यापर्यंत आला. मागोमाग गुलालानं माखलेला दसरू आला आणि बक्षिसाचा फेटा त्यानं माझ्या शिंगांना गुंडाळला. नानाजी ओरडले, "चांदीनं मारली रे कुस्ती!"

मित्रांनो, आम्हाला वेळेवर वैरण-पाणी द्या. आमच्या पारडांना आधी पोटभर पिऊ द्या. मग पेला पुढे करा; आम्ही तो फेस येईस्तोवर भरून देऊ!