जॉब लॅरबीची हजेरी

हॅस्किन्सची कचेरी गावाच्या मानानं फारच मोठी आहे, हे हॅस्किन्सवाले सोडून बाकी सगळ्यांना कळतं. वस्ती जेमतेम दोन हजारांची, आणि कचेरीला उंच मनोरा, मनोऱ्याला चारी बाजूंनी घड्याळं, चारी घड्याळांत चार वेगवेगळ्या वेळा. उत्तरेकडच्या घड्याळावर भरवसा ठेवणारी माणसं चर्चमध्ये उशिरा पोचतात आणि घड्याळाला सोडून पाद्र्याला नावं ठेवतात. पण काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य गाव ते मुख्य गाव! आठ मैलांवरच्या टिलमनला रेल्वे आहे, कारखाना आहे, दोन सिनेमाघरं आहेत. असेनात का! जमिनीची नोंद करायची, लग्नाचा परवाना काढायचा, तर टिलमनच्या माणसाला झक मारत हॅस्किन्सलाच यावं लागतं. पायऱ्या चढताना ती माणसं तोंड वाकडं करतात, आणि ते बघून आमच्या लोकांना दुपारचं जेवण चांगलं जातं.

मुख्य गाव टिलमनच राहावं की हॅस्किन्स व्हावं, या १८७१च्या मतदानातून हे सगळं वैभव आलं. हॅस्किन्सला दोनशे चौदा मतं, टिलमनला दोनशे सात. निकाल कळल्या कळल्या आमचे लोक बर्फावरच्या घसरगाड्या जुंपून गेले आणि टिलमनहून काउंटीचं सगळं दफ्तर उचलून घेऊन आले. टिलमनवाले अजून त्याला चोरी म्हणतात.

तेव्हापासूनची पद्धत अशी की ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, भरदुपारी, कचेरीच्या पायऱ्यांवरून त्या दोनशे चौदा मतदारांची हजेरी घेतात. नाव पुकारलं की त्या घराण्यातलं कोणीतरी गर्दीतून ओरडतं, "हजर!" कोणाचा पणतू, कोणाची नातसून, कोणाचं कडेवरचं पोर. आणि ज्या नावाला कोणीच ओ देत नाही, त्याच्यासाठी मनोऱ्यातली घंटा एक टोल देते. एकच. मग पुढचं नाव.

ती घंटा वाजवण्याचं काम ओटिस क्विग्लीचं. ओटिस कचेरीचा शिपाई, झाडूवाला, बॉयलरवाला, घड्याळाला किल्ली देणारा, सगळं एकच. वय झालं म्हणून पगार बंद होऊन दोन वर्षं झाली होती, पण घंटा आणि घड्याळ त्यानं सोडलं नव्हतं. १९०९ साली न्यूयॉर्कहून अनाथ मुलांची गाडी टिलमनला आली, तेव्हा पाच वर्षांचा ओटिस त्याच कचेरीच्या पायऱ्यांवर बाकीच्या पोरांबरोबर ओळीत उभा होता. शेतकऱ्यांनी येऊन दंड दाबून बघितले, दात बघितले, आणि धडधाकट पोरं आधी नेली. ओटिस शेवटी उरला. ज्यानं नेलं त्यानं कामाला नेलं, मुलगा म्हणून नेलं नाही.

पुढे ओटिसचं लग्न झालं. १९३२च्या हिवाळ्यात त्याची बायको बाळंतपणात गेली आणि बाळही गेलं. त्या साली ऑगस्टमध्ये हजेरी चालू असताना "जॉब लॅरबी" असं नाव पुकारलं गेलं. त्या नावाला कधीच कोणी नसायचं. सगळे टोलाची वाट बघत राहिले, टोल काही पडेना. मनोऱ्याच्या दारातून ओटिस बाहेर आला, टोपी काढली आणि म्हणाला, "हजर."

कोणी हसलं नाही. यादी वाचणाऱ्यानं क्षणभर चष्म्यावरून बघितलं आणि पुढचं नाव घेतलं. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं जॉब लॅरबीला ओटिस होता. शाळेतली मुलं त्याला विचारायची, तुझा जॉब कसा होता? तोही सांगायचा, उंच होता म्हणे, कामाला वाघ.

आता १९७१ आलं, मतदानाला शंभर वर्षं झाली. गावानं पुस्तक काढायचं ठरवलं आणि ते लिहायचं काम व्हर्ना स्टोल्ट्झच्या गळ्यात पडलं. व्हर्ना एकसष्ट वर्षांची, बिनलग्नाची, दस्तनोंदणीच्या टेबलावर अडतीस वर्षं काढलेली बाई. गावातली कोणती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. रोज सकाळी दहाला ती तळघरात बॉयलरच्या खोलीत जायची आणि ओटिसबरोबर कॉफी प्यायची. तो कॉफी इतकी कडू करायचा की तिला दरवेळी शिव्या द्याव्याशा वाटायच्या. अडतीस वर्षांत तिनं एक दिवस चुकवला नव्हता.

"व्हर्ना, पुस्तकात माझ्या जॉबला एक पान दे," ओटिस म्हणाला होता. "जास्त नको. कुठून आला, कुठे गेला, एवढंच. मलाही कळेल."

"देते की. तुझ्या कॉफीपेक्षा गोड लिहीन."

आणि ती शोधायला बसली. जॉब लॅरबीच्या नावावर एक एकर जमीन नाही, लग्न नाही, मृत्यू नाही, कर नाही. तिला वाटलं, बिचारा लवकर पश्चिमेकडे गेला असेल. ज्या नावांना कोणी ओ देत नाही त्या सगळ्यांबद्दल गाव हेच म्हणायचं, पश्चिमेकडे गेले.

मग सोमवारी, हजेरीच्या आधी पाच दिवस, बँकवाल्या लायल प्रेंटिसनं आपल्या पणजोबांची एक पेटी पुस्तकासाठी आणून दिली. पणजोबा म्हणजे इलायहू प्रेंटिस, ज्यांनी गाव वसवलं आणि १८७१ची मतपेटी सांभाळली. पेटीत त्यांच्या तबेल्याची वही होती. व्हर्नानं सहज उघडली.

"जॉब. तांबडा. लॅरबीकडून घेतला. डावा मागचा खूर दुखतो. कामाला चांगला."

खाली "मेजर, व्हिटकॉमकडून." त्याच्या खाली "बार्नी, स्लेजकडून." एकूण नऊ घोडे. व्हर्नानं मतदारांची यादी शेजारी ठेवली. जॉब लॅरबी. मेजर व्हिटकॉम. बार्नी स्लेज. नऊच्या नऊ तिथं होते, आणि नवांपैकी एकानंही कधी पश्चिमेकडे तोंड केलं नव्हतं.

बाईनं बोटांवर वजाबाकी केली. दोनशे चौदातून नऊ गेले, दोनशे पाच राहिले. टिलमनचे दोनशे सात. म्हणजे ही कचेरी, हा मनोरा, ही चार घड्याळं, सगळं घोड्यांच्या मतांवर उभं! तिला आधी हसू फुटलं. मग ओटिस आठवला आणि हसू जागच्या जागी विरलं.

ती वही घेऊन तडक बँकेत गेली. लायल तिच्या वर्गातला. त्यानं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि टेबलावर डोकं ठेवून खो खो हसायला लागला.

"आईशप्पथ! म्हणजे ओटिस एकोणचाळीस वर्षं एका घोड्याला... अगं, शनिवारी सांगूया! हजेरीला जमलेले लोक हसून लोळतील."

"लोळतील ना. मग हेही सांग की घोडे कोणाच्या तबेल्यातले होते."

लायलचं हसू थांबलं. "व्हर्ना, तू शाळेपासून अशीच खडूस आहेस."

"मी शाळेपासून खरी आहे. पुस्तकात मी हे छापणार, लायल. साधं, सरळ, चेष्टा न करता. शंभर वर्षांनी कोणी कचेरी उचलून न्यायला येत नाही. पण शनिवारी माइकवरून त्या माणसाची खिल्ली उडवलीस, तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"बरं बाई, बरं. हजेरी यंदा तूच घे. पुस्तक तुझं, यादी तुझी. घोड्यांचं काय करायचं तेही तूच ठरव." त्यानं वही मिटून तिच्याकडे सरकवली. "आणि ओटिसला कोण सांगणार?"

त्याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

मंगळवारी दहा वाजता व्हर्ना तळघरात उतरली. रात्रभर तिनं मनात वाक्यं जुळवली होती, आणि खाली पोचेपर्यंत त्यातलं एकही उरलं नव्हतं. ओटिसनं कप पुढे केला.

"सापडला का माझा जॉब?"

"सापडला." तिनं कप खाली ठेवला. "ओटिस, तो माणूस नव्हता रे. प्रेंटिसांचा घोडा होता. त्यांनी मतं वाढवायला घोड्यांची नावं घातली होती. नऊ घोडे."

ओटिसनं बॉयलरच्या नळीला हात लावून बघितल्यासारखं केलं. बॉयलर हिवाळ्यातच पेटतो, ऑगस्टात थंडच असतो.

"बरा होता का?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"घोडा."

"डावा मागचा खूर दुखायचा. कामाला चांगला, असं लिहिलंय."

"हं." तो खाली बसला. "त्या पायऱ्यांवर माझेही दात बघितले होते. म्हणजे जमलं म्हणायचं आमचं."

"ओटिस, असं नको बोलूस."

"मग कसं बोलू? सगळं गाव माझ्या मागे हसत होतं का?"

"कोणाला माहीतच नव्हतं. देवाशपथ सांगते. मलाही काल कळलं."

"तू सांगितलंस हे बरं केलंस," तो म्हणाला, पण तिच्याकडे बघून म्हणाला नाही. "शनिवारी मी घंटेपाशीच राहीन. जा तू, तुझं काम पडलं असेल."

बुधवारी ती खाली गेली तेव्हा खोलीला कुलूप होतं. गुरुवारीही होतं. शुक्रवारी तिनं कुलपासमोर दहा मिनिटं उभं राहून काढली, आणि वर येऊन नोंदणीचे सगळे खंड काढले. १९०९पासून पुढचे. दत्तकपत्रं, पालकत्वाचे कागद, शाळेच्या नोंदी. अख्ख्या काउंटीचा कागद न् कागद जिनं हाताळला, तिला ओटिस क्विग्ली लग्न, बायको-बाळाचे मृत्यू आणि पगारपत्रक सोडून कुठंही सापडेना. ज्यानं नेलं त्यानं एक ओळसुद्धा लिहून ठेवली नव्हती. व्हर्ना तिथंच टेबलावर बसून रडली. मग नाक पुसलं आणि यादी नव्यानं टंकायला घेतली.

शनिवारी ऊन कडक होतं. हिरवळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मक्याची कणसं, डुकराच्या मांसाचे पाव, बायकांनी भाजलेल्या फळांच्या पेस्ट्रीची, म्हणजे ‘पाय’ची, स्पर्धा. यंदा बक्षीस ज्या चेरीपायला मिळालं तिच्यावरून तीन घरांचं बोलणं बंद झालं होतं. टिलमनचेही पुष्कळ लोक आले होते, फुकटचं आइसक्रीम असलं की ते चोरी विसरतात. बारा वाजता व्हर्ना पायऱ्यांवर चढली. मनोऱ्याचं दार तिच्या उजव्या हाताला होतं, आणि दारात ओटिस, स्वच्छ शर्ट घालून, हातात घंटेची दोरी धरून.

तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. हजर, हजर, हजर. दोन नावांना कोणी नव्हतं, ओटिसनं दोन टोल दिले, मोजून मापून, नेहमीसारखे. घोड्यांची नावं तिनं घेतली नाहीत. इंग्रजी आद्याक्षरांनी लावलेल्या यादीतला "एल" संपून "एम" सुरू झाला, तेव्हा गर्दीतून एक पोरगी ओरडली, "जॉब राहिला! ओटिसआजोबांचा जॉब राहिला!" तिच्या आईनं तिला गप्प केलं. बरेच लोक मनोऱ्याकडे बघायला लागले. ओटिस आपल्या बुटांकडे बघत होता.

व्हर्ना थांबली नाही. दोनशे पाचवं नाव झालं. लोक टोप्या घालून उठायला लागले.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "हा मतदानानंतर आला. १९०९ साली, ऑगस्टातच, याच पायऱ्यांवर. गावानं त्याच्या येण्याची कुठंच नोंद केली नाही. ती चूक आमच्या कचेरीची आहे. ओटिस क्विग्ली."

व्हर्ना दाराकडे बघून वाट पाहत राहिली. तिच्या मनात सगळं नीट ठरलेलं होतं. तो टोपी काढणार, हजर म्हणणार, लोक टाळ्या वाजवणार.

ओटिस बोलला नाही. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त शरम होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलोय. हॅस्किन्सच्या हजेरीत स्वतःच्या नावाला स्वतः कोणी ओ देत नाही. आपलं माणूस ओ देतं. आणि आपलं माणूस नसलं, की टोल. एवढ्या लोकांसमोर तिनं त्याला विचारलं होतं, तुझं कोण आहे?

गर्दीत कोणी हललं नाही. लायल शेजारच्याकडे बघत होता, शेजारचा पायऱ्यांकडे. ओटिसनं थोडी वाट बघितली, जेवढी प्रत्येक नावासाठी बघायचा तेवढीच. मग त्यानं दोन्ही हात वर नेले आणि दोरी घट्ट पकडली.

"हजर!" व्हर्ना ओरडली. माइक तोंडाशीच होता, तो असा किंचाळला की पुढच्या रांगेतल्यांनी कान झाकले. "हजर! मी आहे!"

ओटिसनं टोल न देताच दोरी सोडली.