एका दिवसाचं राज्य

राज्यशास्त्र पुस्तकातून शिकवणारे मास्तर मला डोळ्यांसमोर नको असतात. दिलसुखनगरच्या स्पर्धा परीक्षांच्या कोचिंगात एकवीस वर्षं झाली मला. नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात एक दिवस मी वर्गाचंच राज्य करतो. चाळीस पोरं ही लोकसंख्या, चार भिंती हा भूप्रदेश, निवडून आलेले तिघं सरकार. सरकारने एकच कायदा करायचा, वर्गाने मत द्यायचं, आणि तो खरोखर पाळायचा. मीही पाळतो. दरवर्षी मेले एकच करतात, सरांनी सगळ्यांना इराणी चहा पाजायचा.

यंदा तेजश्री होती. गौलीगुड्यातली, मराठी शाळेत शिकलेली, तेलुगू बाजारापुरती. वयोमर्यादेमुळे परीक्षेची ही शेवटची संधी. दुपारपासून दुकानात कामाला, म्हणून सकाळचीच बॅच जमायची. मी तेलुगूत शिकवायचो, ती हात वर करून मराठीत विचारायची, मी दोन मिनिटं मराठीत सांगायचो. शहरात दुसरीकडे कुठे तिला असं कुणी सांगणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. मागच्या बाकांवर तेवढ्यात मोबाइल निघायचे, कुणी घड्याळ दाखवायचं.

कुलदीप मुख्यमंत्री झाला. हुशार पोरगं, पण हलकट. त्याने कायदा वाचला. वर्गात जो मराठीत बोलेल, त्याचं नाव बॅचमधून कायमचं कमी. बाकीच्यांचा वेळ वाचेल, असं कारणही जोडलं. पोरं हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, वा, बहुमताची दंडेली आयतीच हाती आली, आता धडा कसा रंगेल.

एकोणचाळीस हात वर गेले. त्यात ओंकारचाही होता. ओंकार चिक्कडपल्लीचा, घरी माझ्यासारखाच मराठी बोलणारा. आईबरोबर आमच्याकडे हळदीकुंकवाला यायचा. त्याने हात वर केला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

इथेच थांबवायला हवं होतं. बघा, बहुमत म्हणजे न्याय नव्हे, एवढं वाक्य तयार होतं माझ्याकडे. पण वर्ग इतका चिडीचूप कधी बसला नव्हता. मला चटक लागली होती त्या शांततेची. मी म्हणालो, कायदा मंजूर.

तेजश्री उठून उभी राहिली. तेलुगूत बोलायचा प्रयत्न केला, दोन शब्दांवर अडली. कुणीतरी खुसखुसलं. मग ती सरळ मराठीत बोलली.

"सर, ज्याच्यावर कुणाचाच हुकूम चालत नाही, तो सार्वभौम. काल तुम्हीच सांगितलंत. या खोलीत तसे तुम्हीच आहात. हे आमचं राज्य खोटं आहे. तुम्ही नाही म्हटलंत की संपलं."

एकवीस वर्षांत इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. आणि ते चारचौघांत, माझ्या तोंडावर. मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणूनच आला.

"मराठीत बोललीस," मी म्हणालो. "कायदा सगळ्यांना सारखा."

तिने वही पिशवीत घातली, चप्पल घातली आणि गेली. जिन्यावरून तिची पावलं उतरताना ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी येईल, मग घेऊ आत, असं मी स्वतःला समजावलं. ती आली नाही. फोन करायचं मी रोज ठरवत होतो. केला नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

महिन्याने चाचणी घेतली. प्रश्न होता, बहुमताचा गैरवापर उदाहरणासह लिहा. एकोणचाळीस पेपरांत तेच उदाहरण. ओंकारचं उत्तर सगळ्यांत सरस. आपणही हात वर केला होता, हेसुद्धा त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मी पैकीच्या पैकी दिले.

संध्याकाळी तो मला वरांड्यात भेटला. आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळू आवाजात, अगदी घरच्या मराठीत म्हणाला, "काका, ती जागा रिकामीच आहे ना? माझ्या मावसभावाला घ्याल का?"

मी घेतो म्हणालो. तेलुगूत म्हणालो.