एक डोळा, दोन दात, एक कान

मित्रांनो, मी एक जुना प्लॅस्टिकचा कॅन आहे. पूर्वी माझ्यात खाण्याचे तेल होते. तेल संपल्यावर समुद्रकाठच्या झाई गावातल्या गणू नावाच्या मच्छीमाराने माझे झाकण घट्ट लावले आणि मला जाळ्याच्या दोराला बांधले. मी पाण्यावर तरंगायचो आणि खाली जाळे कुठे आहे ते माझ्यावरून कळायचे. पण गावातल्या सगळ्यांचेच कॅन पांढरे होते. एकदा गणूने चुकून दुसऱ्याचे जाळे ओढले आणि किनाऱ्यावर बरीच बोलाचाली झाली.

तेव्हा त्याची सून जागृती म्हणाली, "बाबा, मी ह्याला तोंड काढते."

तिने माझ्यावर खवले, पंख आणि मुकुट असलेला एक राक्षस रंगवला. गणू मला वाळूत ठेवून शंभर पावले मागे गेला.

"पोरी, इथून नुसता डाग दिसतो."

जागृतीने सगळे पुसले. मला पिवळा रंग दिला, त्यावर एक मोठा पांढरा डोळा आणि दोन चौकोनी दात काढले. सूर्य समोर असला की रंग ओळखू येत नाहीत, म्हणून जुन्या चपलेचे रबर कापून एकाच बाजूला वाकडा कान लावला. गणू पुन्हा मागे गेला आणि लांबूनच हसला.

त्या हिवाळ्यात गणू आणि त्याचा सोबती सुनिल पहाटे निघाले. दुपारी इंजिन बंद पडले. वारा होडीला खोल समुद्राकडे नेऊ लागला. मोबाइलला रेंज नव्हती. गणूने मला बांबूच्या टोकाला बांधून उंच धरले. गुजरातकडची एक बोट लांबून गेली. तिच्यावरच्या माणसांनी हात हलवले आणि ती पुढे निघून गेली. सुनिल खाली बसला. गणूने बांबू तसाच उंच धरून ठेवला.

किनाऱ्यावर काय घडले ते मी नंतर ऐकले. होडी ठरल्या वेळी परतली नाही म्हणून जागृती ओळखीच्या प्रत्येक बोटीला फोन लावत होती. होडीचा नंबर लांबून कोण वाचणार? ती एवढेच सांगायची, "पिवळा कॅन. एक डोळा, दोन दात, एकच वाकडा कान." निरोप एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि किनाऱ्याजवळ पोहोचलेल्या त्या गुजरातच्या बोटीला मिळाला.

तिचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मुकेश म्हणाला, "हा, अमे जोयो, पाहिला आम्ही. आम्हाला वाटलं, गंमत करतायत."

त्याने बोट तिथूनच वळवली. सूर्य बुडण्याआधी आमची होडी तिच्या मागे दोराने ओढली जात होती.

पुढच्या आठवड्यात अकरा घरांतून कॅन आले. जागृतीने कुणाला लांब जीभ दिली, कुणाला एक शिंग. हिरकणी मावशीला शिंग हवे होते आणि फुलेही.

"मावशी, फुलं अंगणात लावा," जागृती म्हणाली. "ह्याला एकच गोष्ट. ती फोनवर सांगता आली पाहिजे."

आता माझा कान गळून पडला आहे. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने पिवळा रंग उडाला आहे. बोंबील वाळवायच्या बांबूंखाली मी पडून असतो. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, जे कॅन आज समुद्रात आहेत त्यांच्यावर वर्षातून एकदा तरी रंगाचा हात फिरवा. चेहरा पुसला गेला की आम्ही कुणाचे, हे कुणालाच सांगता येत नाही.