चहा आणि सिरोंचा

आमच्या ऑफिसात साहेबानं बसायला खुर्ची दिली, की माणसाला घाम फुटायचा. रामदासपेठेतलं सरकारी ऑफिस ते, साल चौऱ्याहत्तरच्या आसपासचं. जुने साहेब मनोहरराव एरवी कोणाकडे ढुंकून पाहत नसत. पण कधी आत बोलावून बसवलं, चहा मागवला आणि 'घरी कोण कोण असतं?' असं गोड आवाजात विचारलं, की समजावं, खणात बदलीची ऑर्डर तयार आहे आणि गाव बहुधा पार जंगलातलं सिरोंचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही तर चहानंच पोळलेलो.

ते निवृत्त झाले आणि श्रीधर पांढरीपांडे साहेब आले. वयानं तरणे. हाताखालच्या माणसांशी कसं वागावं, याचं पुण्याला ट्रेनिंग घेऊन आलेले. माणसाला नावानं हाक मारा, बसवा, घरची चौकशी करा, असं तिथे शिकवलं होतं म्हणे. हे आम्हाला मागाहून कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की हेडक्लार्क देवराव आत गेले आणि पाठोपाठ चहा गेला.

देवराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "घरचं विचारून राहिला गा," एवढंच म्हणाले. दुपारी कारकून मधुसूदनची पाळी आली. त्यानं कोणी न विचारताच आईचा दमा सांगून टाकला. साहेबांनी दम्याचीही आपुलकीनं चौकशी केली, तेव्हा तर त्याचा धीरच सुटला. मला मात्र या माणसाचं भारी कुतूहल वाटू लागलं. एका ऑफिसातून हा हाकलणार तरी किती जणांना?

दुसऱ्या दिवशी टायपिस्ट कौशल्याबाईंना बोलावणं आलं. नवरा वारलेला, एकुलती मुलगी तारा मॅट्रिकला. मधेच बदली झाली तर पोरीचं वर्ष बुडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांच्या खोलीला झुलतं अर्धं दार होतं. आम्ही हातातली कामं टाकून कान तिकडे लावले.

"बसा कौशल्याबाई. चहा घ्या. घरी कोण कोण असतं?"

"मी उभीच बरी साहेब. चहा नको."

"अर्धा कप तरी?"

"नाही घेत."

 तशी साहेबांची पुण्याहून आणलेली मराठी गळून पडली.

"काहून बाई? काल देवरावबी भिऊन राहिले होते. माझं काय चुकून राहिलं?"

हा प्रश्न काही ट्रेनिंगमधला नसावा.

"इथं साहेबाचा चहा म्हणजे बदली," बाई म्हणाल्या. "पाठवाचं असंन तर सरळ सांगा. चहा पाजून नका पाठवू."

साहेब हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. बाहेर आले आणि बाईंच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले. टेबलावर बाईंचा थर्मास होता. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर त्यांचं. त्या थर्मासमधला चहा ऑफिसात आजवर कोणी मागितला नव्हता, आणि बाईंनीही कोणाला विचारला नव्हता.

"मंग तुम्हीच पाजा मले," साहेब म्हणाले. "बदली झाली तर माझी होईल."

बाई मागोमाग बाहेर आल्या. मग थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी पुढे केला. साहेब फुंकर मारत सगळा प्याले. घरचं काही विचारलं नाही. बाई आपल्या खुर्चीवर बसल्या.

"घरी मी अन् पोरगी," त्या आपणहून म्हणाल्या. "तारा. यंदा मॅट्रिकले हाय." मग मान वळवून, "देवराव, तुमचा कप कुठी हाय?"

देवरावांचा कप त्यांच्या खणात होता. तो काढायला त्यांना बराच वेळ लागला, पण काढला.